सूर्य मावळण्याआधी: सीमाभागातील थंडी, सरपण आणि विजेचे बिल

मननासाठी वाचन: निर्गम २२:२६-२७, अनुवाद २४:१०-१३, याकोब २:१४-१७, प्रेषितांची कृत्ये २८:१-२



आगमनकाळ सुरू झाला की आमच्या सीमाभागात दोन गोष्टी एकदमच येतात, नाताळची तयारी आणि थंडी. बाहेरच्या माणसाला बिदर-कलबुर्गी म्हटले की रणरणता उन्हाळाच आठवतो. इथे राहणाऱ्याला मात्र डिसेंबर-जानेवारीतली पहाट ठाऊक असते. बिदर शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार फुटांच्या आसपास, लाल जांभ्याच्या पठारावर वसले आहे. आभाळ मोकळे, वारा कोरडा. सूर्य गेला की जमीन भराभर निवते. कर्नाटकात पारा सर्वांत खाली कुठे गेला याची बातमी येते तेव्हा तिच्यात बिदरचे नाव अनेकदा असते. ५ जानेवारी १९०१ रोजी इथे २.९ अंश सेल्सियस इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली होती. कलबुर्गीकडच्या घरांत शहाबादी फरशी असते. उन्हाळ्यात ती सुख देते. पण पौष महिन्यात तिच्यावर पातळ सतरंजी टाकून झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तिच्याविषयी विचारून पाहा.

मागच्या काही हिवाळ्यांत आमच्या सेवकांच्या बैठकीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "आता सरकार वीज फुकट देते. मग थंडीच्या मदतीसाठी वेगळे पैसे कशाला बाजूला काढायचे?" विचारणारे मनाने वाईट नाहीत. दानपेटी लहान आहे आणि गरजा पुष्कळ आहेत. आम्हीही एका वर्षी या प्रश्नाला मान डोलावली होती. ती आमची चूक होती. कशी, ते पुढे सांगतोच. पण त्याआधी थोडे मागे जाऊ या, कारण गरिबाच्या घरातली ऊब हा विषय काही आजचा नाही. देवाच्या लोकांपुढे तो फार जुन्या काळापासून उभा आहे.

खापरावरचा अर्ज

मोशेच्या नियमशास्त्रात गहाणाविषयी एक लहानसा नियम आहे. गरीब माणसाने कर्जापोटी आपले पांघरूण गहाण ठेवले, तर सावकाराने ते सूर्य मावळण्याआधी परत द्यायचे. कारण तिथे सांगितले आहे: त्याच्याकडे अंगावर घ्यायला तेवढेच आहे, मग तो काय पांघरून झोपेल? त्याने हाक मारली तर देव ती ऐकेल. अनुवादाच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट जोडली आहे. गहाण आणायला सावकाराने कर्जदाराच्या घरात शिरायचे नाही. त्याने बाहेर उभे राहायचे आणि घरच्या माणसाने स्वतः वस्तू बाहेर आणून द्यायची. म्हणजे गरिबाला रात्रीची ऊब मिळालीच पाहिजे, आणि त्याच्या उंबरठ्याचा मानही राखला गेला पाहिजे.

हा नियम केवळ कागदावर नव्हता याचा एक विलक्षण पुरावा १९६० साली मिळाला. इस्राएलच्या भूमध्य किनाऱ्यावर, यावने-यामजवळच्या एका जुन्या गढीत उत्खनन चालू असताना शाईने लिहिलेले मातीचे फुटके खापर सापडले. ते ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या उत्तरार्धातले, साधारण योशिया राजाच्या काळातले मानले जाते. त्यावर एका कापणी करणाऱ्या मजुराने तिथल्या अधिकाऱ्याला केलेला अर्ज आहे. तो सांगतो की मी माझ्या वाट्याची कापणी पुरी केली, धान्य कोठारात भरले, आणि तरीही होशयाहू नावाच्या माणसाने माझे वस्त्र काढून नेले. माझ्याबरोबर उन्हात राबलेले भाऊ साक्ष देतील, मी निर्दोष आहे. माझे वस्त्र मला परत मिळू द्या.

पुढे त्याला वस्त्र मिळाले की नाही, ते खापर सांगत नाही. पण अभ्यासकांचे एक म्हणणे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. अर्जाची भाषा मजुराच्या तोंडची आहे, पण हात बहुधा एखाद्या लेखनिकाचा आहे. मजुराने घाईघाईने आपले गाऱ्हाणे सांगितले आणि कुणीतरी बसून ते लिहून घेतले. त्या लेखनिकाचे नाव आपल्याला माहीत नाही. त्याने मजुराला नवे वस्त्र दिले असेल असेही नाही. त्याने फक्त अर्ज लिहून दिला, आणि त्यामुळे एका गरिबाचे म्हणणे अधिकाऱ्याच्या दारापर्यंत गेले. हा लेखनिक लक्षात ठेवा. तो आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे.

याउलट जे लोक हा नियम मोडत, त्यांच्याविषयी आमोस संदेष्ट्याचे शब्द कडक आहेत (आमोस २:८). गहाणाची वस्त्रे अंथरून ते वेदीजवळ पसरतात, असा त्याचा आरोप आहे. म्हणजे भक्ती चालू आहे, वेदी आहे, उपासना आहे. आणि त्याच वेळी कुणाचे तरी रात्रीचे पांघरूण आपल्या अंगाखाली आहे.

तुराट्या, गोवऱ्या आणि वाकळ

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आपल्या आजी-आजोबांच्या काळात "बिल" नव्हते, पण ऊब फुकट नव्हती. ती गोळा करावी लागे. कलबुर्गीचा भाग तुरीचा. २०१९ साली इथल्या तूरडाळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. डाळीचे नाव देशभर झाले, पण गरिबाच्या घरी डाळीइतकीच तुराट्यांची किंमत होती. तूर साधारण डिसेंबर-जानेवारीत निघते, म्हणजे नेमकी थंडीत. शेंगा झोडून झाल्या की वाळलेल्या तुराट्यांचे भारे डोक्यावर घेऊन मजूर बाया घरी येत. जोडीला पऱ्हाट्या, बाभळीच्या काटक्या आणि भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या. ज्याच्याकडे जनावर नाही त्याच्याकडे शेण नाही, आणि शेण नाही तर गोवरीही विकत घ्यायची. दुष्काळात जनावरे गेली की चुलीचे जळणही त्यांच्याबरोबरच जाई. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले होते. वर सांगितलेली १९०१ ची ती थंड रात्र त्याच्याच पाठोपाठ आली. तेव्हा ज्या घरात ना जनावर उरले होते ना धान्य, त्या घराने ती रात्र कशी काढली असेल, याचा विचार केला की आजही अंगावर काटा येतो.

पांघरायला वाकळ असे. कन्नड बोलणारी शेजारीण तिलाच कौदी म्हणे. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे तुकडे थरावर थर ठेवून, हाताने टाके घालून ती शिवायची. जरा बरे असलेल्या घरात धनगराने विणलेले घोंगडे. एका घरात एकच घोंगडे असेल तर ते आजाऱ्याला किंवा बाळंतिणीला मिळे, बाकीचे शेकोटीभोवती. शेकोटीचा एक गुण मात्र होता. ती अंगणात पेटे, आणि येणाऱ्याला तिच्याजवळ बसू दिले जाई.

या भूमीला वाटून खाण्याची शिकवण नवी नाही. बाराव्या शतकात बसवकल्याणमध्ये शरणांनी कायक आणि दासोह, म्हणजे कष्ट करणे आणि त्यातले दुसऱ्याला देणे, यांची सांगड घातली. आमच्या शेजाऱ्यांच्या घरांत ती शिकवण अजून जिवंत आहे, आणि ख्रिस्ती म्हणून आम्हाला तिचा आदर वाटतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात जहाज फुटून पौल आणि त्याचे सोबती मेलिता बेटावर भिजून, कुडकुडत पोचतात, तेव्हा त्यांच्यासाठी विस्तव पेटवणारे लोक ख्रिस्ती नव्हते. त्यांनी पावसाकडे आणि थंडीकडे पाहिले आणि सर्वांना जवळ घेतले. प्रेषिताला मिळालेली ती ऊब परक्यांच्या हातची होती, हे आपण विसरू नये.

अर्धा झगा, उरलेले सरपण

ख्रिस्तसभेच्या इतिहासात ऊब देण्याच्या दोन गोष्टी विशेष आहेत.

पहिली संत मार्टिनची, चौथ्या शतकातली. तो तेव्हा रोमी सैन्यात होता आणि त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. फ्रान्समधल्या आमिएं शहराच्या वेशीत कडाक्याच्या थंडीत त्याला एक उघडा भिकारी दिसला. देण्यासारखे काही जवळ नव्हते. त्याने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला. त्या रात्री स्वप्नात त्याला ख्रिस्त दिसला, तोच अर्धा झगा पांघरलेला. पुढे मार्टिन तूर शहराचा बिशप झाला. ११ नोव्हेंबरला त्याचा सण असतो. त्याचा झगा म्हणून जपलेल्या वस्त्राला लॅटिनमध्ये "काप्पेल्ला", म्हणजे लहान झगा, म्हणत. ते जिथे ठेवले जाई त्या जागेलाही तेच नाव पडले, आणि त्यावरून "चॅपेल" हा शब्द आला. आपण चॅपेलमध्ये जातो तेव्हा एका गरिबाला दिलेल्या पांघरुणाचे नाव तोंडी घेत असतो.

दुसरी गोष्ट पॅरिसची, १८३३ ची. आदल्या वर्षी तिथे कॉलऱ्याची मोठी साथ येऊन गेली होती. फ्रेडरिक ओझानाम नावाचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र धर्मावर वादविवाद करत. तुमची ख्रिस्तसभा पूर्वी मोठी असेल, पण आज गरिबांसाठी काय करते, असा टोमणा त्यांना ऐकावा लागला. तो ओझानामच्या मनाला लागला. त्या दिवसांत त्याने आणि त्याच्या एका सोबत्याने आपल्या खोलीतले हिवाळ्याचे उरलेले सरपण उचलून एका गरीब घरी नेऊन दिले, असे सांगितले जाते. २३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, काही विद्यार्थी आणि एक वडीलधारे संपादक एकत्र जमले आणि आज जगभर पसरलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची सुरुवात झाली. सिस्टर रोझाली रांदू यांनी या मुलांना गरिबांच्या घरी कसे जायचे ते शिकवले. तेव्हापासून तिथे एक रीत आहे. सेवकांनी दोघादोघांनी जायचे, घरी जायचे आणि आधी ऐकायचे. १८६३ साली ही संस्था मुंबईत आली. मुंबई-वसईच्या कित्येक धर्मग्रामांत आपल्या वाचकांनी तिचे काम पाहिले असेल. थंड देशांत आजही तिचे सेवक गरिबांची वीज-गॅसची बिले भरायला मदत करतात. सरपणाची मोळी गेली आणि बिलाचा कागद आला, एवढाच फरक.

एका दिव्यापासून शून्य बिलापर्यंत

आपल्याकडे हा कागद कसा आला, तेही पाहू.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्यातला जुना बिदर जिल्हा तीन वाटांनी गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात. पुढे १९७३ मध्ये त्याचे नाव कर्नाटक झाले, आणि २०१४ मध्ये गुलबर्गाचे कलबुर्गी. सोयरीक मात्र पूर्वीसारखीच राहिली. बहीण औरादला, भाऊ उदगीरला. फक्त दोघांचे रेशनकार्ड वेगळे, विजेचे दर वेगळे, सवलती वेगळ्या, आणि बिलाची भाषाही वेगळी.

१९७९-८० मध्ये कर्नाटकात भाग्य ज्योती योजना सुरू झाली. गरिबाच्या झोपडीला एक दिवा. १९८८-८९ पासून केंद्राची कुटीर ज्योती आली, तिचेही तेच. ज्या घरात घासलेटची चिमणी होती तिथे एक बल्ब लटकला. आमच्यातल्या थोरांना तो दिवस आठवतो. पोरे रात्री उशिरापर्यंत जागी राहून नुसती त्याच्याकडे बघत बसली होती.

१ मे २०१६ रोजी केंद्राची उज्ज्वला योजना आली आणि अनेक घरांत गॅसची शेगडी पोचली. तिच्यावरचे अनुदान मे २०२२ पासून सिलिंडरमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये झाले. तरीही रोजगाराच्या घरात सिलिंडर पुन्हा भरायचे पैसे एकदम काढणे सोपे नसते. म्हणून शेगडी ओट्यावर आणि चूल अंगणात, असे दोन्ही दिसते.

मग ५ ऑगस्ट २०२३ रोजी गृह ज्योती योजनेचा औपचारिक प्रारंभ झाला, तोही आपल्या कलबुर्गी शहरात, मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या हस्ते. त्या वर्षीच्या जुलैच्या वापरापासून २०० युनिटपर्यंतच्या घरगुती वापराला सवलत मिळाली. लाखो घरांना तिचा आधार झाला आणि त्याबद्दल देवाचे आभारच मानले पाहिजेत. पण नियम नीट वाचायला हवेत. प्रत्येक घराला सरसकट २०० युनिट मिळत नाहीत. २०२२-२३ या वर्षातली त्या घराची महिन्याची सरासरी काढायची आणि तिच्यावर १० टक्के जादा, तेवढेच शून्य. त्यापेक्षा जास्त वापरले तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० च्या पुढे गेले तर पूर्ण बिल. २०२४ च्या जानेवारीत अगदी कमी वापराच्या घरांसाठी १० टक्क्यांऐवजी १० युनिट जादा देण्याचे ठरले. शिवाय नोंदणी हवी, आणि ३० जून २०२३ पर्यंतची जुनी थकबाकी आपली आपणच भरायची होती.

थंडीचा हिशेब इथेच येतो. ज्या घराची सरासरी ६० युनिट आहे त्याला ६६ युनिटपर्यंत सवलत. घरात म्हातारे माणूस किंवा तान्हे बाळ आहे म्हणून पाणी तापवायला दीड हजार वॅटचा रॉड रोज एक तास लावला, तर दिवसाला दीड युनिट आणि महिन्याला ४५ युनिट वाढतात. मग डिसेंबरचे बिल शून्य राहत नाही. ज्याने वर्षभर काटकसर केली त्याचीच सरासरी कमी, आणि म्हणून त्याचीच सवलत लहान. हे कुणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. कोणतीही योजना सरासरीवर चालते. पण थंडी काही सरासरी बघून येत नाही.

आमची चूक

गृह ज्योती सुरू झाली त्या वर्षी आम्ही थंडीच्या मदतीच्या यादीतून काही घरे वगळली. आता यांचे बिल शून्य येईल, असे म्हणून आम्ही नावांवर रेघ मारली. घरी जाऊन विचारले नाही.

नाताळच्या आधी आम्ही गाणी गात गल्लोगल्ली फिरतो. त्या संध्याकाळी एका आजींच्या दारात पोचलो तर घर अंधारात. आम्हाला वाटले, वीज गेली असेल. पण शेजारी दिवे होते. आत चुलीत दोन तुराट्या जळत होत्या आणि तिच्या उजेडात नातवंड वही घेऊन बसले होते. वीज महिनाभरापूर्वीच तोडली होती. मीटर वारलेल्या नवऱ्याच्या नावावर होते, जुनी थकबाकी होती, आणि योजनेत नोंदणी झालेलीच नव्हती. मुलगा-सून कामासाठी महाराष्ट्रात गेलेले. कागद घरात आले होते, सगळे आले होते. आजींनी ते पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले होते. पण त्या जुन्या मराठी शाळेत दोन-तीन यत्ता शिकलेल्या, आणि कागद कन्नडमध्ये.

"मला काय कळतंय लेकरांनो," त्या म्हणाल्या, "कागद आला की भ्याव वाटतंय. म्हणून ठेवून दिले."

पाणी तापवायचा तांब्याचा हंडा कोपऱ्यात दिसेना. थकबाकीतली थोडी रक्कम भरावी म्हणून त्यांनी तो गहाण ठेवला होता. पैसे हातात आले आणि औषधपाण्यातच गेले. आम्ही हातात गाण्याची पुस्तके घेऊन उभे होतो. निर्गमाचा तो अध्याय आमच्यातल्या प्रत्येकाने केव्हा ना केव्हा वाचला होता.

आजींनी आम्हाला एकही बोल लावला नाही. उलट चुलीवर चहा ठेवला. तो चहा प्यायला फार जड गेला.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. कुणी म्हणाले, एक ब्लँकेट देऊ. कुणी म्हणाले, थकबाकी त्यांनी वेळेवर भरायला हवी होती, आपण भरली तर उद्या सगळेच मागतील. बोलणे वाढले. शेवटी एका वडीलधाऱ्या भगिनींनी शांतपणे विचारले, "गहाणाच्या त्या नियमात, माणसाने कर्ज का काढले हे देवाने विचारलंय का?" कुणी उत्तर दिले नाही, पण निर्णय झाला.

कामे वाटून घेतली. कन्नड शिकलेल्या आमच्या तरुणांनी डब्यातले कागद तारखेप्रमाणे लावून मराठीत वाचून दाखवले. एकाने मृत्यूचा दाखला आणि आधार घेऊन आजींबरोबर नाव बदलण्याच्या अर्जासाठी खेपा घातल्या. एकाने थकबाकीसाठी हप्त्यांची विनंती लिहिली. त्यातला काही भाग आम्ही वर्गणीतून भरला, काही मुलाने महाराष्ट्रातून पाठवला. हंडा आधी सोडवून आणला, कारण थंडी थांबणार नव्हती. वीज नाताळपर्यंत आली नाही. ती जानेवारीत आली. तोपर्यंत शेजारच्या लिंगायत कुटुंबाने आपल्या घरातून एक वायर टाकून दिवा दिला होता. हे त्यांनी आमच्याआधी केले होते, आणि आम्हाला सांगितलेही नव्हते.

तेव्हा आम्हाला खापरावरचा तो लेखनिक कळला. त्या घरात मदत नव्हती असे नाही. योजना होती, कागदही होते. कागद आणि आजी यांच्यामध्ये बसून वाचणारे, लिहिणारे कुणी नव्हते. ते काम आमचे होते, आणि आम्ही यादीवर रेघ मारून घरी गेलो होतो. याकोबाच्या पत्रात उघड्या-उपाशी भावंडाला कोरड्या तोंडाने ऊब घ्या, पोटभर जेवा म्हणणाऱ्यांचा उल्लेख आहे. आम्ही तर तेवढेही म्हणायला गेलो नव्हतो.

या हिवाळ्यात आपण काय करू या

पौलाने तुरुंगातून तीमथ्याला लिहिले तेव्हा त्रोवस येथे कार्पाकडे राहिलेला आपला झगा आणायला सांगितले, आणि हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर अशी विनवणी केली (२ तीमथ्य ४:१३, २१). इतका मोठा प्रेषित, पण त्यालाही थंडी वाजत होती आणि त्याने ते लपवले नाही. "हिवाळ्यापूर्वी" हा शब्द आम्ही आता धरून ठेवला आहे. बिदरच्या मेथॉडिस्ट मंडळ्या असोत, गुलबर्गा धर्मप्रांतातली धर्मग्रामे असोत की सीमेपलीकडच्या उदगीर-निलंग्याच्या मंडळ्या, पुढील गोष्टी सर्वांना करता येतील.

नोव्हेंबर संपण्याआधी दोघादोघांनी घरी जावे. बोलावल्याशिवाय आत शिरू नये. अनुवादातला उंबरठ्याचा नियम आठवावा. वस्तू देतानाचे फोटो काढू नयेत.

बिल मागून घेऊन वाचून दाखवावे. मीटर कुणाच्या नावावर आहे, नोंदणी आहे का, सवलतीचे युनिट किती, थकबाकी किती, एवढे चार प्रश्न पुरे. भाडेकरूलाही योजनेत नोंदणी करता येते. घर बदलले असेल तर आधारशी जोडलेले जुने मीटर सोडवून नवे जोडावे लागते. एका मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडे असतील तर त्यांची अडचण वेगळी असते. तीही ऐकून घ्यावी.

थकबाकी मोठी असेल तर एकट्याने भरण्याऐवजी घरचे, नातेवाईक आणि मंडळी अशी वाटणी करावी. हप्त्यांसाठी अर्ज लिहून द्यावा, आणि त्याची पोच त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवायला सांगावी.

ज्या घरात म्हातारे, बाळंतीण किंवा दम्याचा आजारी आहे तिथे डिसेंबर-जानेवारीत एक सिलिंडर भरून देणे किंवा वाळलेल्या सरपणाची सोय करणे, ही ब्लँकेटपेक्षा मोठी मदत असू शकते. आधी विचारावे. महिला मंडळाने जुनी लुगडी गोळा करून वाकळी शिवल्या तर दुर्कसचे काम (प्रेषितांची कृत्ये ९:३६-३९) आपल्या गावात पुन्हा सुरू होईल, आणि शिवायला शेजारणीही येतील.

एक सूचना जिवाची आहे. दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखारे ठेवून कुणी झोपू नये. त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि झोपेतच माणूस जातो. प्रत्येक घरी हे सांगा.

शेवटची गोष्ट: यादी फक्त आपल्या लोकांची नसावी. सारफथची विधवा, जी काटक्या गोळा करताना एलीयाला भेटली, ती इस्राएलातली नव्हती. मेलिताचे लोकही आपले नव्हते. आणि आजींच्या घरात दिव्याची वायर टाकणारेही आपल्या मंडळीतले नव्हते.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. पहिल्यांदा प्रमुख याजकाच्या वाड्यात, थंडी होती म्हणून पेत्र तिथे शेकत उभा राहिला आणि त्याने प्रभूला नाकारले. दुसऱ्यांदा तिबिर्याच्या समुद्रकाठी, पुनरुत्थित प्रभूने स्वतः विस्तव पेटवून ठेवला होता, आणि रात्रभर जाळी ओढून आलेल्या शिष्यांना त्याने जेवायला बोलावले. आम्हीही त्या वर्षी स्वतःच्या शेकोटीपाशी उभे राहून एका घराला विसरलो होतो. प्रभूने आम्हाला तिथेच सोडले नाही. त्याने आजींच्या चुलीपाशी बोलावून चहा दिला.

प्रार्थना

हे प्रभू, तू गोठ्यातल्या थंड रात्री जन्म घेतलास आणि तुला बाळंत्यात गुंडाळले गेले. ज्यांच्या घरात आज रात्री ऊब नाही त्यांची हाक तू ऐकतोस. आम्हालाही ती ऐकू येऊ दे. न विचारता मारलेल्या रेघांची आम्हाला क्षमा कर. आमच्या हातांना लिहायला, वाचायला, शिवायला आणि सरपण वाहायला बळ दे, आणि जे आमच्याआधी शेजाऱ्याच्या दारी पोचले त्या सर्वांना आशीर्वाद दे. सूर्य मावळण्याआधी आम्हाला त्या दारी ने. आमेन.